पूर्ण तिकीट एकट्या बापाचं

बायकोची बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपली, तिने पुढे जोडलेली साठवणीची रजाही संपली, ती ऑफिसला रुजू झाली आणि मग पाळी माझी आली. २०१७ साली कायदा बदलला आणि आईची १२ आठवड्यांची रजा २६ झाली. बापासाठी त्या कायद्यात ओळ नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत असतो तर १५ दिवसांची पितृत्व रजा मिळाली असती. खासगीत सगळं मालकाच्या मनावर. माझ्या वाट्याला जे दिवस आले होते ते बारशाच्या आतच संपले होते. तेव्हा वर्षभर राखून ठेवलेली हक्काची रजा काढली आणि आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन ठाण्याहून गुहागरला आईबाबांकडे जायचं ठरवलं. ती आणि मी. बायको शनिवारी मागून येणार होती.

दोघंच जाणार हे कोणाला पचेना. सासूबाई म्हणाल्या, "अहो, मी येते सोबत, चिपळूणहून लगेच परत फिरेन." आईने गुहागरहून फोन केला, "बाबांना पाठवू का ठाण्याला?" म्हणजे पंच्याहत्तरी ओलांडलेले, गुडघे दुखणारे माझे बाबा मला आणि बाळाला सांभाळून नेणार! बायकोने मात्र काही विचारलं नाही. दुधाच्या बाटल्या, बर्फाची पिशवी, नाचणीचं सत्त्व, थर्मास, दुपटी, झबली, तापाचं औषध, लसीकरणाचं कार्ड असं सगळं तिने नीट भरलं आणि वर एक कागद ठेवला. त्यावर वेळा होत्या. काढून ठेवलेलं दूध बर्फाबाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, या वाक्याखाली दोन रेघा होत्या.

खरं तर वेळा मला पाठ होत्या. तोपर्यंत घरातली रात्रपाळी माझ्याकडेच असायची. पाजण्याचं काम तिचं, पण त्यानंतर खांद्यावर टाकून ढेकर काढायची, दुपटं बदलायचं आणि पुन्हा झोपवायचं, हे माझं. अडचण एकच होती, मला अंगाई येत नाही. एकही नाही. जी येते तिच्या पहिल्या दोन ओळी येतात आणि पुढे गाडी अडते. एका रात्री अगदीच काही सुचेना तेव्हा मी कोकण रेल्वेची स्टेशनं म्हणायला लागलो. रोहा, कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड, वीर, सापे वामने, करंजाडी, विन्हेरे, दिवाणखवटी, कळंबणी बुद्रुक, खेड, अंजनी, चिपळूण. एका लयीत, गाडीच्या चाकांच्या ठेक्यावर. बहुतेक वेळा दिवाणखवटीच्या आसपास तिचे डोळे मिटायचे. चिपळूण ओलांडून रत्नागिरीपर्यंत जागी राहिली तर समजायचं की आज पोटात काहीतरी दुखतंय. तीच स्टेशनं आता तिला प्रत्यक्ष दाखवायची होती, हे या प्रवासाचं माझ्या मनातलं कारण. घरात सांगितलेलं कारण वेगळं होतं: कुलदैवताला, व्याडेश्वराला, बाळ दाखवायचं.

मांडवी एक्स्प्रेस ठाण्याला सकाळी येते आणि दुपारी बाराच्या सुमारास चिपळूणला सोडते. या गाडीचं खाणं कोकणात प्रसिद्ध आहे. रोह्याच्या पुढे डब्यातून सतत कोणी ना कोणी गरम काहीतरी घेऊन जात असतं. मी मुद्दाम स्लीपरचं तिकीट काढलं होतं. वातानुकूलित डब्यात बाळाला बरं, असं सगळे म्हणत होते, पण मला झोळी बांधायची होती. आईची मऊ झालेली सुती साडी सोबत होती. समोरासमोरच्या वरच्या बर्थना ती दोन्हीकडून गाठ मारून बांधली की मध्ये पाळणा तयार होतो. आपल्या रेल्वेत पिढ्यानपिढ्या आया हेच करत आल्या आहेत. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, म्हणून त्याला बर्थही नाही. ज्याला जागा नाही त्याची जागा हवेत. २०२२ साली उत्तर रेल्वेने लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला छोटा बेबी बर्थ लावून पाहिला होता. कल्पना चांगली, पण साडीच्या झोळीला गाडीचा झोका आपोआप मिळतो, हे त्या बर्थला कुठून जमणार?

गाठ मी मारली, वर हात टेकून वजन देऊन पाहिली, आणि पनवेल यायच्या आत अख्खा कंपार्टमेंट तपासणीला उभा राहिला. एका मावशींनी गाठ सोडून पुन्हा बांधली. का, ते सांगितलं नाही. मग प्रश्न सुरू झाले.

"आई कुठे आहे बाळाची?"

हा प्रश्न त्या प्रवासात मला इतक्या वेळा आला की मी उत्तरं आलटून पालटून देऊ लागलो. ऑफिसला गेली आहे. शनिवारी येतेय. ठाण्यालाच आहे. ऑफिसचं उत्तर ऐकलं की चेहऱ्यावर थोडी नाराजी यायची. शनिवारी येतेय म्हटलं की हायसं वाटायचं. एका काकांनी मात्र नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून चॉकलेट काढून मला दिलं, बाळाला नव्हे. बाई बाळ घेऊन एकटी निघाली तर तिला बाप कुठे आहे असं कोणी विचारत नाही, आणि बाप निघाला की पहिल्या पाच मिनिटांत त्याचं कौतुकही होतं आणि चौकशीही. त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेलं कौतुक माझ्या बायकोला आठ महिन्यांत आलं नव्हतं. मी ते घेतलं, खोटं कशाला बोलू.

गप्पा मग रजेवर आल्या आणि रजेवरून क्रिकेटवर, कारण आपल्याकडे पितृत्व रजेची जाहीर चर्चा झाली ती विराट कोहलीमुळेच. २०२० च्या डिसेंबरात ॲडलेडला संघ ३६ धावांत गारद झाला आणि कोहली बाळंतपणासाठी घरी परतला. समोरचे आजोबा अजून त्या रागात होते. "गावसकर बघा! १९७६ साली रोहन जन्मला तेव्हा हा न्यूझीलंडला खेळत होता. तिथून परस्पर वेस्ट इंडिजला. आला का घरी?" खिडकीजवळचा कॉलेजातला मुलगा शांतपणे म्हणाला, "पण आजोबा, कोहली गेला आणि रहाणेने मालिका जिंकून दिली ना." डोंबिवलीचा रहाणे मध्ये आल्यावर आजोबांना बोलता येईना. मी काही बोललो नाही. माझ्या मांडीवर माझी लेक वर्तमानपत्राचा कोपरा खात होती, आणि त्या कोपऱ्यावर खेळाचंच पान होतं.

बोगदे सुरू झाले तसं तिचं सगळं लक्ष खिडकीकडे गेलं. या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. सर्वांत लांब करबुड्याचा, साडेसहा किलोमीटरचा, पण तो पुढे रत्नागिरीच्या अलीकडे. आमच्या वाट्याला खेडच्या अलीकडचा नातूवाडीचा, चार किलोमीटरहून लांब. पहिल्या बोगद्यात अंधार झाला, आवाज वाढला, आणि मी तिला छातीशी धरून रडण्याची वाट पाहिली. ती गप्प. उजेड आला तशी रडायला लागली. पुन्हा बोगदा, पुन्हा गप्प. आवाज जितका मोठा तितकी ती खूश. करंजाडीच्या पुढे ती झोळीत झोपली आणि दिवाणखवटी स्टेशन तिने पाहिलंच नाही. बायकोचा फोन तीनदा बोगद्यात तुटला. चौथ्यांदा लागला तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "दूध कधी दिलंस?"

शी झाली ती झोप संपल्यावर, खेडच्या सुमारास. इथे खऱ्या अर्थाने प्रवास सुरू झाला. हलत्या गाडीत संडासाच्या बाहेरच्या वॉशबेसिनपाशी एका हातात बाळ आणि एका हातात बाकी सगळं, हे जमत नाही. बर्थवर रबरी कापड पसरलं, सहप्रवाशांची माफी मागितली, आणि काम उरकलं. मावशींनी नाक मुरडलं नाही, उलट बाळाचे दोन्ही पाय एका हातात कसे धरायचे ते दाखवलं. ते मला येत होतं. पण दाखवणाऱ्याला थांबवायचं नाही, हे आठ महिन्यांत शिकलोय.

चिपळूणला उतरून गुहागरची एसटी. वाशिष्ठी शांत वाहत होती. २०२१ च्या जुलैमध्ये हीच नदी शहरात शिरली होती. मार्गताम्हाने, शृंगारतळी असं करत गाडी वळणं घेत खाली समुद्राकडे जाते. भातं कापून झाली होती, खाचरांत नुसती पिवळी खुंटं. कडेवर बाळ घेऊन एसटीच्या दांड्याला लटकणं मला जमत नाही, कारण पुरुषाला कंबरेची ती बाहेर आलेली बाजूच नसते जिच्यावर मूल टेकावं. बाळ सारखं घसरत गुडघ्याकडे निघतं. एका मुलीने उठून जागा दिली. महिलांच्या राखीव सीटवर मी बाळाच्या जोरावर बसलो.

वाटेतल्या एका स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली. लेकीला भूक लागली होती, कपडेही बदलायचे होते. समोर पाटी होती: हिरकणी कक्ष. महाराष्ट्रातल्या स्टँडांवर, सरकारी कचेऱ्यांत बाळाला पाजण्यासाठी आयांना आडोसा म्हणून ही खोली असते, आणि नाव अगदी योग्य दिलं आहे. रायगडावर दूध विकायला गेलेली हिरकणी, संध्याकाळी दरवाजे बंद झाले म्हणून बाळासाठी कडा उतरून गेली, आणि महाराजांनी त्या कड्यावर बुरूज बांधला. मी दारात उभा राहिलो. आत एक बाई बाळाला पाजत बसल्या होत्या. मी मागे फिरलो, फिरायलाच हवं होतं. बाहेरच्या सिमेंटच्या बाकावर, चहाची टपरी आणि पानाच्या पिचकाऱ्या यांच्यामध्ये मी लेकीला बाटली दिली आणि मांडीवरच कपडे बदलले. तेव्हा एक विचार आला तो अजून गेलेला नाही. लहानपणापासून मी ही गोष्ट ऐकत आलोय. हिरकणी कडा उतरत होती त्या संध्याकाळी बाळाचा बाप कुठे होता, हे मी ऐकलेल्या गोष्टीत कोणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

माझा बाप कुठे होता ते मात्र मला माहीत आहे. मुंबईला. बाबा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते आणि गिरगावात चौघा गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहायचे. आई आणि मी गुहागरला, वरच्या पाटात. कोकणातल्या कितीतरी घरांची हीच रीत होती. चाकरमानी बाप गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, मे महिन्यात रजा मिळाली तर आंबे खायला यायचा. आजोबांच्या काळी आगबोटीने दाभोळपर्यंत, बाबांच्या काळी एसटीने रात्रभर कशेडी घाटातून. रोह्यापासून मंगळुरूपर्यंत कोकण रेल्वे सलग सुरू झाली ती १९९८ च्या जानेवारीत. तोवर मी शाळेत गेलो होतो. आई सांगते, मी दीड महिन्याचा असताना बाबांनी मला पहिल्यांदा पाहिलं, आणि पुढच्या वेळी आले तेव्हा मी त्यांना बघून असं भोकाड पसरलं की त्यांना ओटीवर जाऊन बसावं लागलं. बाबा हे ऐकताना सुपारी कातरत राहतात.

घरी पोचलो तेव्हा शेजारच्या काकू कुंपणापाशी उभ्याच होत्या. "बापूस एकटाच घेऊन आला होय!" आईने आधी मीठमोहरी ओवाळून टाकली, मग बाळ हातात घेतलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशीपासून आंघोळीची शाळा सुरू झाली. ठाण्याला मालिशवाल्या बाई येत होत्या, नंतर आम्ही टबात आंघोळ घालायचो. आई म्हणाली, टब नको. पाटावर बसायचं, पाय सरळ पसरायचे, पायांवर बाळ पालथं घालायचं. तेल, मग डाळीचं पीठ, मग तांब्याने पाणी. माझ्या पायांवरून ती तेलाने घसरायची आणि हसायची. दोन दिवसांत जमलं. धुरी मात्र मी देऊ दिली नाही, आणि बाळगुटीवरून थोडी जुंपली. आईने सहाण, हळकुंड, मायफळ, वेखंड, मुरडशेंग सगळं काढून ठेवलं होतं, वर मधाचं बोट. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, त्यातल्या जंतूंनी बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. "तुला दिला होता," आई म्हणाली. मी म्हटलं, "हो." वाद तिथे संपला. सहाण कपाटात गेली आणि नाचणीच्या सत्त्वावर एकमत झालं, कारण ते आईनेच मोड आणून, वाळवून, दळून, वस्त्रगाळ करून ठाण्याला पाठवलं होतं.

डायपर मी प्रवासापुरतेच वापरले. गुहागरला बाबांच्या जुन्या धोतराचे लंगोट झाले. दिवसभर नारळी-पोफळीच्या वाडीत दोरीवर ते वाळत असत, आणि धुवायचं काम माझ्याकडे होतं. संध्याकाळी समुद्र. गुहागरचा किनारा लांबलचक आणि सरळ आहे, गर्दी झाली तरी विरून जाते. लेकीने पहिल्यांदा पाय टेकवले, ओल्या वाळूत बोटं खुपसली आणि मूठ तोंडात घातली. व्याडेश्वराच्या देवळात ती घंटेकडे बघत बसली आणि पायावर घालताना मोठ्याने ओरडली. गुरुजी म्हणाले, "चांगलंय, देवाला ऐकू गेलं."

बायको कोकणकन्येने पहाटे चिपळूणला उतरून आली. लेकीने आधी तिच्याकडे अनोळखी नजरेने पाहिलं, फार तर पाच सेकंद, आणि मग झेप घेतली. ती पाच सेकंदं बायकोला लागली. मला बाबांची ओटी आठवली आणि मी चहा करायला आत गेलो.

रविवारी सगळे मिळून एसटीने हेदवीला गेलो, दशभुज गणपती आणि भरतीच्या वेळी जिथे समुद्राचं पाणी खडकातून उंच उसळतं ती बामणघळ बघायला. कंडक्टरने तिकिटं मोजली. बाबा पंच्याहत्तरीच्या वरचे, मोफत. आई आणि बायको महिला, अर्धं तिकीट. लेक पाच वर्षांखालची, मोफत. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे पूर्ण तिकीट तुमचं एकट्याचं." बाबा खिडकीतून बाहेर बघत हसत होते. मग त्यांनी हात पुढे केले आणि म्हणाले, "आण ती इकडे." हेदवीपर्यंत ती त्यांच्या मांडीवर होती. उतरताना त्यांनी तिचा लंगोट बदलला, आयुष्यात पहिल्यांदा, स्टँडवरच्या दगडी कट्ट्यावर, आणि गाठ उलटी मारली.

माझी मागणी फार मोठी नाही. हिरकणी कक्ष हवेत, जास्त हवेत, स्वच्छ हवेत, आणि तिथे पुरुषांनी जाऊ नये. पण त्या खोलीच्या बाहेर, भिंतीला लागून, कमरेइतक्या उंचीची एक रुंद फळी बसवा. कडेला चार बोटांची पट्टी, म्हणजे बाळ घरंगळणार नाही. शेजारी नळ आणि झाकणाची कचरापेटी. स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर, मॉलमध्ये जिथे कपडे बदलायचं टेबल फक्त बायकांच्या स्वच्छतागृहात असतं, तिथे पुरुषांच्याही. आणि तोवर, बाळ घेऊन निघालेला एखादा बाप भेटला तर आई कुठे आहे ते विचारू नका. त्याची बॅग धरा. त्याला दुसरा हात हवा असतो.